वाचकांचे प्रश्न : बाळाचं नाव आहे, बाईचं नाही

फेब्रुवारीच्या अंकात मी सहज लिहून गेले होते, की अमेरिकेत असाल तर या महिन्यात जवळच्या एखाद्या कॉलेजच्या आर्ट गॅलरीत चक्कर मारा, कृष्णवर्णीयांच्या इतिहासावर काहीतरी लागलेलं असतंच. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यातली सात संपादकांनी निवडून पाठवली आहेत. आधीच सांगते, मी समीक्षक नाही आणि प्राध्यापकही नाही. पूर्व किनाऱ्यावरच्या एका लहानशा कॉलेजच्या गॅलरीत एकोणीस वर्षं मी चित्रं टांगायचं काम केलं. चित्रं टांगायची, उतरवायची, खोक्यात भरायची, भिंतीतली भोकं बुजवायची, रंग मारायचा. त्यामुळं ही उत्तरं शिडीवरून दिलेली आहेत असं समजा.

प्रश्न : ताई, मुलीच्या कॉलेजात पालकांना बोलावलं होतं, तेव्हा ती मला तिथल्या गॅलरीत घेऊन गेली. जुन्या लाकडी फळ्यांवर कोळशानं काढलेले चेहरे, पुढ्यात एक जुनी खुर्ची, काही भांडी. मुलगी गप्प उभी होती, मला मात्र काही केल्या कळेना. दहा मिनिटांत मी बाहेरच्या बाकावर येऊन बसले. नंतर लाज वाटली. हे बघायचं तरी कसं? (न्यू जर्सीहून एक आई)

उत्तर : लाज कसली त्यात? दहा मिनिटं म्हणजे पुष्कळ झाली. मी दाराशी बसायचे तेव्हा येणाऱ्यांकडं बघत असायचे. चित्रापुढं माणूस जेवढा थांबतो, त्याहून जास्त वेळ त्याला कोट काढून खुंटीला लावायला लागतो.

तुमच्या वर्णनावरून ते व्हिटफील्ड लव्हेल यांचं काम असावं, नाहीतर त्यांच्या वळणाचं कुणाचं तरी. लव्हेल जुन्या स्टुडिओत काढलेले कृष्णवर्णीय माणसांचे फोटो जमवतात. नावगाव हरवलेले, बाजारात जुन्या सामानाबरोबर विकायला आलेले. त्यातली माणसं ते जुन्या घरांच्या फळ्यांवर रेखाटतात आणि पुढं घरातल्या वस्तू मांडतात. १९९९ साली टेक्ससमधल्या डेंटन इथं, युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ टेक्ससच्या गॅलरीत त्यांनी आख्खी एक खोलीच उभी केली होती. डेंटनमध्ये क्वेकरटाउन नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती होती. दुकानं, चर्च, सगळं असलेली, गावाच्या मध्यात आणि मुलींच्या एका कॉलेजला लागून. १९२१ मध्ये तिथं बाग करायची म्हणून गावानं मतदान घेतलं आणि वस्ती उठली. काही घरं तर चक्क उचलून, ओढत गावाच्या दुसऱ्या टोकाला नेली. बाग अजून आहे. म्हणजे एका कॉलेजच्या शेजारून जे पुसलं गेलं, ते ऐंशीएक वर्षांनी त्याच गावातल्या दुसऱ्या विद्यापीठाच्या गॅलरीत कोळशानं परत काढलं गेलं. हे माहीत असल्यावर त्या खुर्चीत कोण बसत असेल हा प्रश्न आपसूक पडतो. माहीत नसताना ती नुसती मोडकी खुर्चीच. तेव्हा चूक तुमची नाही, ते सांगणारं कुणी तिथं नव्हतं, एवढंच.

माझी एक युक्ती सांगते. सगळं बघायचंच नाही. एक वस्तू निवडायची आणि तिच्यातली एकच बारीक गोष्ट शोधायची. एलिझाबेथ कॅटलेट या कृष्णवर्णीय चित्रकार बाईंचा १९५२ सालचा 'शेअरक्रॉपर' नावाचा लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर कोरून छापलेलं चित्र, कधी समोर आला तर करून बघा. शेअरक्रॉपर म्हणजे दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसणारा. गुलामी कायद्यानं गेली, पण जमीन मालकाचीच राहिली आणि उधारीची वही मालकाच्याच दुकानात, तेव्हाची ही माणसं. चित्रात रुंद काठाच्या गवती टोपीतली एक वयस्क बाई आहे. सगळ्यांचं लक्ष चेहऱ्यावर आणि टोपीवर जातं. तुम्ही गळ्याशी बघा. तिच्या जाकिटाला बटण नाही, एक सेफ्टी पिन लावलेली आहे. कॅटलेटनं ती पिन लिनोलियममध्ये अशी कोरलीय की तिची चकाकी दिसते. बाईनं सकाळी घाईघाईत ती लावली असणार, कदाचित तोंडात धरून. पहिल्यांदा ते चित्र टांगताना माझं नाक बरोबर त्या पिनेसमोर आलं होतं. बाकीचं चित्र मला तिथून उलगडलं.

प्रश्न : मी अटलांटाजवळ शिकते. आमच्या प्राध्यापक सारख्या म्हणतात, कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांमधले संग्रह बघा. पण एवढी मोठी चित्रं न्यू यॉर्कच्या मोठ्या म्युझियममध्ये का नाहीत? लहान कॉलेजांकडं ती कशी गेली? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : तू अटलांटाजवळ राहून हे मला विचारतेस म्हणजे कमाल आहे. तुझ्या गावातच दोन संग्रह आहेत. पण प्रश्न चांगला आहे, बस खाली.

तुला एक बस दाखवते. साल १९४१. एलिझाबेथ कॅटलेट, तीच पिनवाली, तेव्हा न्यू ऑर्लिन्समध्ये डिलर्ड या कृष्णवर्णीयांच्या युनिव्हर्सिटीत कला शिकवत होती. गावातल्या डेलगाडो म्युझियममध्ये पिकासोचं मोठं प्रदर्शन आलं. म्युझियम सिटी पार्कमध्ये आणि पार्कमध्ये कृष्णवर्णीयांना मज्जाव. पार्क ओलांडल्याशिवाय म्युझियमपर्यंत चालत जाणार कसं? कॅटलेटनं खटपट केली. म्युझियम इतरांना बंद असतं तो दिवस ठरवला, बस केली आणि ती बस थेट म्युझियमच्या दारापर्यंत नेली, म्हणजे पोरांचा पाय पार्कच्या जमिनीला लागायलाच नको. बसमधून उतरून पोरं सरळ आत. त्यांतल्या बहुतेकांनी त्याआधी म्युझियम आतून पाहिलेलंच नव्हतं. कॅटलेटला स्वतःला काही वर्षांपूर्वी पिट्सबर्गच्या कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीनं केवळ वर्णावरून प्रवेश नाकारला होता. ती मग वॉशिंग्टनच्या हॉवर्ड युनिव्हर्सिटीत गेली.

आता तूच सांग, ज्यांना बघायलाही आत येऊ देत नाहीत त्यांची चित्रं कोण विकत घेणार, कोण टांगणार? ती त्यांच्याच कॉलेजांनी घेतली. हॉवर्डनं १९३० मध्ये स्वतःची गॅलरी उघडली. एडमोनिया लुईसचं १८६७ सालचं 'फॉरएव्हर फ्री' हे संगमरवरी शिल्प तिथं आहे, तुटलेली बेडी हातात उंचावलेला पुरुष आणि शेजारी गुडघ्यावर बसलेली स्त्री. व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन युनिव्हर्सिटीचं म्युझियम तर १८६८ चं. हेन्री ओसावा टॅनर यांचं 'द बॅन्जो लेसन' १८९३ मध्ये रंगवलं गेलं आणि पुढच्याच वर्षी ते हॅम्प्टनला भेट मिळालं. म्हातारा आजोबा, त्याच्या मांडीशी उभा नातू, मधे बॅन्जो. त्या चित्रात उजेड दोन्हीकडून येतो, एकीकडून चुलीचा तांबूस आणि दुसरीकडून दिवसाचा निळसर, थंड. पोराच्या गालावर एक, आजोबाच्या कपाळावर दुसरा. गुलामीतून निसटून इतरांसाठी लढलेल्या फ्रेडरिक डग्लस आणि हॅरिएट टबमन यांच्यावरच्या, जेकब लॉरेन्स यांनी केलेल्या दोन्ही चित्रमालिका तिथंच आहेत, एक ३२ चित्रांची आणि दुसरी ३१.

आणि तुझं अटलांटा. हेल वुड्रफ नावाच्या शिक्षकानं १९४२ मध्ये अटलांटा युनिव्हर्सिटीत दरवर्षीचं प्रदर्शन सुरू केलं. देशभरातल्या कृष्णवर्णीय चित्रकारांनी काम पाठवायचं आणि बक्षीस मिळालेलं काम युनिव्हर्सिटीनं विकत ठेवून घ्यायचं. म्हणजे बक्षीस आणि खरेदी एकाच रकमेत. १९७० पर्यंत हे चाललं. आज क्लार्क अटलांटा युनिव्हर्सिटीच्या म्युझियममध्ये जे आहे त्यातलं बरंचसं असं एकेक वर्षानं साठलेलं आहे, घरात डबे साठतात तसं. स्पेलमन कॉलेजचं म्युझियमही तिथंच, चालत जाण्याच्या अंतरावर. ते आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांनी केलेल्या आणि त्यांच्याविषयीच्या कलेलाच वाहिलेलं आहे. परीक्षा संपली की जा.

याच वुड्रफनं १९३९ मध्ये अलाबामातल्या टॅलडेगा कॉलेजच्या ग्रंथालयासाठी आमिस्टाड जहाजावरच्या बंडाची भित्तिचित्रं केली. १८३९ मध्ये पळवून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी जहाज ताब्यात घेतलं, अमेरिकेच्या किनाऱ्यावर पकडले गेले, खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १८४१ मध्ये ते सुटले. त्यांच्या बचावासाठी जी मंडळी एकत्र आली, त्यांच्यातूनच पुढं जी मिशनरी संस्था निघाली, तिनं टॅलडेगाला हात दिला. म्हणून त्या ग्रंथालयात होती तेव्हा ती चित्रं परकी वाटत नसत, घरातल्या आजोबांच्या फोटोसारखी होती. ग्रंथालयाच्या जमिनीत आमिस्टाड जहाजाची आकृती जडवलेली आहे आणि विद्यार्थी तिच्यावर पाय ठेवत नाहीत, वळसा घालून जातात. ही चित्रं नंतर दुरुस्त होऊन दौऱ्यावर निघाली तेव्हा मी न्यू यॉर्क युनिव्हर्सिटीच्या गॅलरीत पाहिली. भारावून गेले, पण मनात येत होतं, इथं जमीन नुसतीच आहे, वळसा घालायला काही नाही.

प्रश्न : फेब्रुवारीच का? सर्वांत लहान महिना दिलाय, असं आमचे शेजारी चेष्टेनं म्हणतात.

उत्तर : शेजाऱ्यांना सांगा, कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा हा महिना कुणी दिला नाही, कृष्णवर्णीयांनी तो स्वतः घेतला. इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये त्या इतिहासाचा एक आठवडा सुरू केला. लिंकन यांचा वाढदिवस १२ फेब्रुवारीचा, फ्रेडरिक डग्लस आपला वाढदिवस १४ ला मानायचे. लोक ते दोन्ही दिवस आधीपासून पाळत होते, म्हणून तो आठवडा. महिना झाला तो १९७० मध्ये ओहायोतल्या केंट स्टेट युनिव्हर्सिटीत, विद्यार्थी आणि शिक्षकांच्या रेट्यानं. १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी मान्यता दिली. कॉलेज तिथंही पुढंच होतं बघा.

प्रश्न : राग मानू नका, पण स्पष्ट लिहितो. जुन्या जखमा पुन्हापुन्हा कशाला उकरायच्या? एका युनिव्हर्सिटीच्या गॅलरीत मी गुलामांचे उघडे फोटो भिंतभर पाहिले. ज्यांचा एकदा अपमान झाला, त्यांना पुन्हा भिंतीवर उभं करणं मला पटलं नाही. (ह्यूस्टनहून एक निवृत्त गृहस्थ)

उत्तर : राग कशाचा, तुमचं अर्धं मलाही पटतं. उरलेल्या अर्ध्यासाठी माझीच एक फजिती सांगते.

आमच्याकडं एकदा एकोणिसाव्या शतकातले फोटो लागले होते. त्यातल्या एकात कृष्णवर्णीय तरुण बाई बसलेली, मांडीवर गोरं बाळ. असे फोटो पुष्कळ सापडतात, कारण बाळ हलू नये म्हणून कुणीतरी धरायला हवं असायचं. देणगीदारांच्या कागदात होतं तसं मी लेबल छापलं. बाळाचं तीन पदरी नाव, जन्मसाल, कुणाचा मुलगा, पुढं कुठला वकील झाला. लेबल सरळ लावलं, पाणसळ धरून, आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी एक वृद्ध कृष्णवर्णीय बाई आल्या. बराच वेळ उभ्या राहिल्या, मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आणि या कोण?" मी पुन्हा लेबल वाचलं. अहो, फोटोच्या तीन चतुर्थांश भागात ती बाई होती आणि लेबलात ती नव्हतीच. नाव माहीत नव्हतं हे ठीक. पण नाव माहीत नाही, एवढंही मला लिहावंसं वाटलं नव्हतं.

आम्ही दोन विद्यार्थ्यांना शोधायला बसवलं. त्यांना लवकरच भिंत लागली. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांचे तक्ते वेगळे आहेत. त्यात मालकाचं नाव आणि त्याखाली वय, लिंग, रंग, बस. स्त्री, वय २२, काळी. स्त्री, वय १९, काळी. जवळपास सगळीकडं हेच. नावं यायला १८७० ची जनगणना उजाडावी लागली. आमच्या बाईचा वीस वर्षांनंतरचा पत्ता कुणाला लागणार? नाही लागला. शेवटी नवं लेबल लावलं, पहिली ओळ बाईची : 'बाळाला मांडीवर घेतलेली स्त्री. तिचं नाव लिहून ठेवलेलं नाही.' बाळ दुसऱ्या ओळीत गेलं. देणगीदारांच्या नातवाला ते आवडलं नाही, तो भाग सोडून देऊ.

आता तुम्ही पाहिलेल्या उघड्या फोटोंबद्दल. ते बहुतेक १८५० चे असतील. हार्वर्डचे प्राध्यापक लुई अगासीझ यांना माणसांचे वंश वेगवेगळे निर्माण झाले असं सिद्ध करायचं होतं. त्यासाठी साउथ कॅरोलायनातल्या कोलंबियात जोसेफ झीली या छायाचित्रकाराकडून सात गुलाम माणसांची छायाचित्रं काढवली, कपडे उतरवून. त्यांत रेंटी हा बाप आणि डिलिया ही त्याची मुलगी. ती छायाचित्रं १९७६ मध्ये हार्वर्डच्या पीबडी म्युझियमच्या माळ्यावर सापडली. ती डॅगेरोटाइप आहेत, डॅगेरोटाइप म्हणजे चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा, तळहाताएवढा. तो आरशासारखा असतो. कलता धरल्याशिवाय चित्र दिसत नाही, नाहीतर बघणाऱ्याचंच तोंड दिसतं. मी एक साधा, कुणा व्यापाऱ्याचा डॅगेरोटाइप हाताळला आहे, तेव्हाही ते विचित्र वाटलं होतं. डिलियाच्या चेहऱ्यावर आपला चेहरा पडला तर काय वाटेल, कल्पना करा.

कॅरी मे वीम्स या छायाचित्रकार बाईंनी १९९५-९६ मध्ये हीच छायाचित्रं घेतली, मोठी केली, रक्तासारख्या लाल रंगात छापली, गोल चौकटीत बसवली आणि वरच्या काचेवर शब्द कोरले. मथितार्थ असा, की तुला शास्त्राचा नमुना केलं. 'तुला', बरं का. अगासीझ ज्यांच्याबद्दल बोलत होता, वीम्स त्यांच्याशी बोलते. काचेवरची अक्षरं त्या देहांच्या आणि आपल्या मधे येतात, त्यामुळं आपल्याला सुखानं बघत राहता येत नाही. हार्वर्डनं तेव्हा तिला कारवाईचा इशारा दिला होता. खटला झाला नाही आणि पुढं त्यातलं काही काम हार्वर्डनंच विकत घेतलं. यावर मी वेगळं काय बोलू? नंतर २०१९ मध्ये टमारा लनियर या बाई कोर्टात गेल्या. रेंटी आमचे पूर्वज, फोटो आमच्याकडं द्या. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये फोटोंवरची मालकी नाकारली, पण त्यांना झालेल्या मनस्तापाचा दावा चालू ठेवला. २०२५ मध्ये तडजोड झाली आणि ती छायाचित्रं साउथ कॅरोलायनातल्याच चार्ल्सटनच्या आफ्रिकन अमेरिकन म्युझियमकडं जायचं ठरलं.

म्हणून माझं मत असं. तोच फोटो माळ्यावर असतो, भिंतीवर असतो, काचेमागं असतो. तो कुणी लावलाय, कुणाला विचारून, आणि पहिल्या ओळीत कोण आहे, हे बघा. तुम्ही पाहिलेल्या भिंतीवर हे काहीच नसेल, नुसतेच उघडे देह असतील, तर तुमचा राग योग्य आहे. अभिप्रायाच्या वहीत तसं लिहून या. त्या वह्या वाचल्या जातात. आमच्याकडं तरी जायच्या.

प्रश्न : बर्कलीला एका काचपेटीत जाडजूड हबशी बाईची बाहुली पाहिली, हातात चक्क बंदूक. अशा अपमानास्पद बाहुल्या फेकून द्यायच्या की कलेच्या नावाखाली ठेवायच्या? शिवाय तो शब्द मी लिहिला तो चालतो का?

उत्तर : शेवटापासून सुरू करते. 'हबशी' आता नको. जुन्या बखरीत असू द्या. 'कृष्णवर्णीय' किंवा 'आफ्रिकन अमेरिकन' लिहा. 'निग्रो' हा शब्द १९४३ च्या एखाद्या भित्तिचित्राच्या शीर्षकात असेल तर तो तसाच ठेवायचा, शीर्षक बदलायचा हक्क आपला नाही, पण आपल्या वाक्यात तो आणायचा नाही. आणि विचारलंच आहे म्हणून सांगते, इंग्रजी लेबलांवर हल्ली 'स्लेव्ह' ऐवजी 'एन्स्लेव्ह्ड' लिहितात. गुलाम हा कुणाचा पिंड नसतो, त्याला कुणीतरी गुलाम केलेलं असतं, म्हणून. मराठीत 'गुलामीत ठेवलेली माणसं' सहज बसतं. प्रत्येक ओळीत ते जड होतं खरं. मी पहिल्यांदा पूर्ण लिहिते, पुढं 'ही माणसं' म्हणते. (वरच्या उत्तरात मी स्वतःच 'गुलाम माणसं' लिहून गेलेय. सवय.)

बाहुली बेटी सार यांची, १९७२ ची. बर्कलीच्या युनिव्हर्सिटी म्युझियममध्ये आहे. मूळची ती स्वयंपाकघरात निरोप लिहायची वही अडकवायची बाहुली. तिचं रूप आंट जेमायमाचं, म्हणजे पॅनकेकच्या खोक्यावरच्या सदा हसऱ्या मोलकरणीचं. सार यांनी ती जेमतेम फूटभर उंचीच्या पेटीत उभी केली. एका हातात झाडू, दुसऱ्या हातात बंदूक. मागच्या भिंतीला खोक्यावरचा तोच हसरा चेहरा ओळीनं, पायाशी कापूस. तुम्ही बंदूक पाहिलीत, सगळे तीच बघतात. पुढच्या वेळी पोटाकडं बघा. जिथं वही अडकवायची तिथं आणखी एक चित्र आहे : तीच मोलकरीण, कडेवर रडणारं बाळ. आणि तिच्यापुढं एक काळी मूठ. मी ते पाहिलं तेव्हा मला माझं ते लेबल आठवलं आणि कान गरम झाले. फेकून दिली असती तर ती बाहुली नुसती कचऱ्यात गेली असती. खोक्यावरचं ते नाव मात्र २०२१ पर्यंत दुकानात होतंच.

प्रश्न : मुलांना नेलं तर चालतं का? तिकीट? आणि इतका अंधार का असतो?

उत्तर : चालतं. कॉलेजच्या गॅलऱ्या बहुधा फुकट असतात. जाण्याआधी वेळ बघा, कारण उन्हाळ्यात आणि नाताळात पोरं घरी गेली की कित्येक गॅलऱ्यांना कुलूप. गाडी लावायची जागा हा खरा प्रश्न, रविवारी सोपं. फार लहान मुलं असतील तर आधी दाराशी बसलेल्या माणसाला विचारा, आत काय आहे ते तो खरं सांगतो. अंधाराचं असं, की कागद आणि कापड उजेडानं फिकं पडतं आणि फिकं पडलेलं परत येत नाही. म्हणून त्यांच्यावर साधारण ५० लक्स एवढाच उजेड ठेवतात आणि काही महिन्यांनी ती उतरवून अंधारात ठेवतात. दोन मिनिटं उभं राहा, डोळे सरावतात. फ्लॅश नको म्हणजे नको.

प्रश्न : आमच्या सुनेनं मला गोधड्यांचं प्रदर्शन दाखवलं. कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या, काचेमागं! मी आयुष्यभर गोधड्या शिवल्या, कुणी काचेत ठेवल्या नाहीत. ती कला आणि आमचं काय? (कॅलिफोर्नियात मुलाकडं आलेल्या एक आजी)

उत्तर : आजी, तुमचं पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं.

हॅरिएट पॉवर्स नावाची बाई १८३७ मध्ये जॉर्जियात गुलामीत जन्मली. मोकळी झाल्यावर नवऱ्याबरोबर थोडी शेती. तिनं बायबलमधल्या गोष्टींची गोधडी केली. आदम, ईव्ह, काइन, कापडातून कातरून वर शिवलेली माणसं, प्राणी, तारे, एकूण ११ चौकटी. १८८६ मध्ये जॉर्जियातल्याच अथेन्स गावच्या कापसाच्या जत्रेत ती मांडली होती. तिथल्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या जेनी स्मिथ या गोऱ्या बाईंनी ती पाहिली आणि विकत मागितली. पॉवर्स म्हणाली, कितीही दिले तरी विकायची नाही. काही वर्षांनी दिवस वाईट आले. १८९१ मध्ये ती गोधडी गुंडाळून मांडीवर घेऊन बैलगाडीतून आली आणि दहा डॉलर मागितले. स्मिथबाईंकडं पाचच होते. पाचांत दिली. पण देताना एकेक चौकट समजावून सांगितली, कोण कुठं उभं आहे, कुठला तारा कशाचा. स्मिथबाईंनी ते सगळं लिहून घेतलं, म्हणून आज आपल्याला त्या चौकटींचा अर्थ माहीत आहे. बाईचं नावही माहीत आहे. गोधडी आता वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये आहे, अंधारात, कारण वर सांगितलं तेच.

पॉवर्स त्यानंतर पुन्हा पुन्हा स्मिथबाईंच्या घरी यायची, गोधडी बघायला. तिची समजूत निघावी म्हणून स्मिथबाईंनी कबूल केलं होतं, घरात शिवणकामाच्या जेवढ्या चिंध्या उरतील तेवढ्या तुझ्यासाठी बाजूला ठेवीन.

तुमच्या गोधड्या कुठं आहेत, आजी? सुनेला सांगा, एखादीच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यात, तुमचं नाव, साल आणि कुणाच्या साडीचा तुकडा आहे ते पक्क्या धाग्यानं घालून ठेव म्हणावं. शाईनं नको, धुतल्यावर पसरते.